गंगाधरपंतांचे दुसरे पानिपत

डॉ. जयंत विष्णू नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तले. त्यानंतर मराठीत त्यांच्याविषयी जे बोलले आणि लिहिले गेले, त्यात आदर उदंड होता. वाचन मात्र बेताचेच होते. खगोलशास्त्रज्ञ, 'आयुका'चे संस्थापक, पद्मविभूषण, विज्ञानकथेचे अध्वर्यू अशा बिरुदांची माळ सर्वांनी ओवली. पण त्यांची एखादी कथा पुन्हा उघडून ती चांगली कोठे आहे आणि कच्ची कोठे राहिली आहे, हे सांगण्याच्या भानगडीत फारसे कोणी पडले नाही. ही उणीव आम्हांस केवळ वाङ्मयीन शिष्टाचाराची वाटत नाही. ज्या लेखकाची कथा तपासली जात नाही, त्याची पूजा होत असेल, पण त्याचे वाचन थांबलेले असते. म्हणून या टिपणासाठी आम्ही त्यांची एकच कथा घेतली आहे, आणि तीही अशी की जी आमच्या या सीमेवरच्या मराठी घराण्यांत सर्वांत अधिक आवडती आणि, आमच्या मते, सर्वांत अधिक चुकीची वाचली गेलेली आहे : 'गंगाधरपंतांचे पानिपत'.

कथेचा सांगाडा बहुतेकांस ठाऊक असेल. प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे हे इतिहासाचे अभ्यासक. पाच खंडांचा इतिहास त्यांच्या नावावर आहे. पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकली असती तर काय झाले असते, या विचारात असताना त्यांना एका वाहनाची धडक बसते आणि ते अशा जगात जाऊन पडतात, की जेथे १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना गोळी लागलेलीच नाही. ती कानाजवळून निघून गेली आहे. त्या एका गोष्टीने सगळा इतिहास पालटला आहे. पेशवाई टिकली, विज्ञान-तंत्रज्ञानाचे महत्त्व तिने वेळीच ओळखले, पुढे देश लोकशाहीकडे वळला आणि ईस्ट इंडिया कंपनी मुंबईसारख्या दोन-चार ठिकाणी कोपऱ्यात बसली. पंत हे सर्व एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात बसून वाचतात, नंतर आझाद मैदानावरील एका सभेत त्यांची फजिती होते, आणि शेवटी ते आपल्या जगात परततात. खिशात मात्र त्या दुसऱ्या जगातील बखरीचे एक फाटके पान असते.

ही कथा आमच्याकडे कशी वाचली जाते, ते आम्ही अनेक वर्षे पाहत आलो आहोत. पानिपत हा मराठी माणसाचा जुना सल. 'विश्वास गेला पानिपतात' ही म्हण आमच्या आज्या-पणज्या रोजच्या बोलण्यात वापरीत. उधारी बुडाली तरी पानिपत आणि लग्न मोडले तरी पानिपत. अशा समाजाला कोणी एक थोर शास्त्रज्ञ येऊन सांगतो की ती लढाई आपण जिंकलेले एक जग असू शकते, तेव्हा त्या समाजाने त्या कथेकडे मलमपट्टी म्हणून पाहावे, हे स्वाभाविक आहे. स्वाभाविक असले तरी ते चूक आहे. या कथेतील जिंकलेले जग हे गंगाधरपंतांना दिलेले बक्षीस नव्हे. कथा नीट वाचली तर त्या जगात पंतांना काहीएक मिळत नाही.

काय काय मिळत नाही ते पाहा. पंत पुण्याहून मुंबईस गाडीने निघतात, तर वाटेत सरहद्दीचे स्थानक लागते आणि तेथे परवाने तपासले जातात. कारण मुंबई ही त्या जगात इंग्रजांकडे भाडेपट्ट्याने आहे आणि त्या पट्ट्याची मुदत २००१ सालापर्यंत आहे. म्हणजे पानिपत जिंकले, दिल्ली हाती राहिली, आणि मुंबई गेली! आमच्या बैठकांतून या कथेचे गोडवे गाणाऱ्या मंडळींनी हा तपशील कधी उच्चारलेला आम्ही ऐकला नाही. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला आणि बेळगाव-कारवार बाहेर राहिले; नारळीकरांच्या जगात विजयाच्या पोटात दुसरीच एक सरहद्द निघते. सरहद्दीच्या या बाजूला राहणाऱ्या आम्हांस तरी हे ठळकपणे दिसायला हवे होते. कोणताही इतिहास कितीही अनुकूल लिहिला तरी कोठे तरी एक तपासनाका उभा राहतोच, आणि त्या नाक्यावर कोणाला तरी आपण इकडचे की तिकडचे हे सांगावे लागते, असा या प्रसंगाचा अर्थ आहे.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. पंत मुंबईत उतरून आपल्या मुलाच्या कचेरीत जातात. तेथे त्या नावाचा कोणी मनुष्यच नाही. ज्या जगात विश्वासराव वाचले, त्या जगात पंतांचा मुलगा कदाचित जन्मलाच नसेल. अडीचशे वर्षांच्या अंतरावरील एका तरुणाचा जीव वाचला आणि त्याची किंमत म्हणून स्वतःचे मूल गेले, असा हा व्यवहार आहे. सबंध कथेत याहून भयंकर क्षण नाही. आणि येथेच, आम्ही स्पष्ट म्हणतो, लेखक हरला आहे. पंत क्षणभर हादरतात, बाहेर येतात आणि ग्रंथालयाकडे चालू लागतात. इतिहासाचे कोडे सोडविण्याची त्यांना घाई आहे. लेखकालाही तीच घाई आहे. मुलगा पुन्हा कथेच्या मध्यभागी येत नाही.

ही उणीव किती मोठी आहे हे कळण्यासाठी बाहेरच्या एका उदाहरणाकडे पाहणे उपयोगी ठरेल. आपल्या दूरदर्शनवरही ज्या 'स्टार ट्रेक' मालिकेचे भाग एके काळी दाखविले गेले, तिच्या पहिल्याच वर्षातील, १९६७ सालच्या 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर' या भागात हाच प्रश्न आहे. १९३० सालच्या न्यूयॉर्कमध्ये गरिबांना अन्न देणारी एक सेविका अपघातातून वाचली, तर तिच्या शांततेच्या चळवळीमुळे अमेरिका युद्धात उशिरा उतरते आणि हिटलर जिंकतो. म्हणून तिने मरणे भाग आहे. आणि ज्या कप्तानाने ते मरण होऊ द्यावयाचे, त्याचे तिच्यावर प्रेम जडलेले आहे. त्या मालिकेत पुठ्ठ्याचे देखावे होते, बटबटीत भाग तर कितीतरी होते. पण या एका भागात इतिहासाच्या गणिताची किंमत एका माणसाच्या छातीवर ठेवलेली आहे. नारळीकरांच्या हाती तशीच, किंबहुना अधिक मोठी, किंमत होती. ती त्यांनी मोजून पाहिली नाही.

उणिवांची यादी येथे संपत नाही, आणि ती लपविण्यात आम्हांस कसलेही भूषण वाटत नाही. पर्यायी इतिहास पंत जगत नाहीत, ते तो पुस्तकात वाचतात. त्यामुळे दीडदोनशे वर्षे दोन-तीन परिच्छेदांच्या सारांशात उरकली जातात. कथेत स्त्री म्हणाल तर कचेरीत उत्तरे देणारी एक मुलगी. शेवटचा भाग म्हणजे राजेंद्र देशपांडे या मित्राचे व्याख्यान : अणूच्या पोटातील इलेक्ट्रॉनचा ठावठिकाणा निश्चित सांगता येत नाही, मग मोठ्या जगातही अनेक पर्याय एकाच वेळी नांदत नसतील कशावरून, आणि लहानशा बदलातून एकाएकी मोठे परिवर्तन कसे घडते याचा 'कॅटास्ट्रॉफी थिअरी' हा सिद्धांत. ह्यू एव्हरेट या अमेरिकन पदार्थवैज्ञानिकाने १९५७ साली मांडलेली अनेक विश्वांची कल्पना आणि रेने टॉम या फ्रेंच गणितज्ञाचा सिद्धांत यांची मराठी वाचकास अशी तोंडओळख व्हावी, ही इच्छा स्तुत्यच. परंतु कथा तेवढा वेळ खोलीत खुर्ची टाकून बसून राहते, हे नाकारता येत नाही.

इतिहासाच्या अंगानेही कथेचा पाया एका बाजूला कलता आहे. सारा भार एका गोळीवर टाकलेला आहे. त्र्यंबक शंकर शेजवलकरांचे 'पानिपत : १७६१' ज्यांनी वाचले आहे, त्यांना ठाऊक आहे की त्या दिवशी सकाळी रणात उतरलेले सैन्य कित्येक दिवसांच्या कोंडीत रसद तुटून उपाशी पडलेले होते, यात्रेकरू आणि बुणगे यांचा भार बरोबर होता, उत्तरेतील मित्र दुरावले होते. गोळी चुकली असती तरी पोटातील भूक चुकली नसती. हा आक्षेप घेणारे इतिहासाचे अभ्यासक आमच्यातही आहेत आणि त्यांचे म्हणणे वजनदार आहे.

मग अशा विषम कथेची वकिली आम्ही का करीत आहोत? कारण तिच्यातील धाडस या सर्व उणिवांना पुरून उरते, आणि ते धाडस कशात आहे हे तिच्या भक्तांनीही पाहिलेले नाही आणि तिला हसणाऱ्यांनीही पाहिलेले नाही. 'असे झाले असते तर' हा खेळ जुना आहे. रोमन इतिहासकार लिव्ही याने अलेक्झांडर रोमवर चालून आला असता तर काय झाले असते याची चर्चा केली आहे. ट्रेव्हेलियनने १९०७ साली वॉटर्लूत नेपोलियन जिंकल्याची कल्पना रंगविली. फिलिप डिकची १९६२ सालची 'द मॅन इन द हाय कॅसल' ही कादंबरी जर्मनी-जपान जिंकल्याच्या जगात घडते. पण या तिन्ही ठिकाणी हरणाऱ्याला जिंकविताना वा जिंकणाऱ्याला हरविताना जी भीती किंवा जो दिलासा आहे, तो राष्ट्राचा आहे. नारळीकरांनी मात्र विजयाच्या जगात एका विद्वान मराठी माणसाला पाठविले आणि तेथे त्याची गंमत केली. आमच्या मते कथेचे मर्म ते आहे.

आझाद मैदानावरील प्रसंग आठवा. व्याख्यान चालू आहे, मंडपात लोक ये-जा करीत आहेत, आणि मंचावर अध्यक्षांची खुर्ची रिकामी आहे. पंतांनी आपल्या जगात नऊशे नव्याण्णव सभांचे अध्यक्षपद भूषविलेले आहे. रिकामी खुर्ची पाहून त्यांचे पाय आपोआप तिकडे वळतात. लोहचुंबकाकडे खिळा सरकावा तसे ते जाऊन बसतात. श्रोते ओरडू लागतात. त्या जगाने अध्यक्ष, प्रास्ताविक, लांबलचक परिचय, आभारप्रदर्शन हे सगळे केव्हाच मोडीत काढले आहे. लोकांना वक्ता ऐकायचा आहे. पंत उठून अध्यक्षपदाचे महत्त्व पटवून देऊ लागतात आणि अंडी-टोमॅटोंचा वर्षाव होतो. शीर्षकातील श्लेष येथे फुटतो. पानिपतावर मराठे जिंकले. मैदानावर गंगाधरपंतांचे पानिपत झाले.

हा विनोद कोणावर आहे? इंग्रजांवर नाही, अब्दालीवर नाही. तो आपल्यावर आहे. स्वप्नातील स्वराज्यात पोहोचलेला मराठी विद्वान तेथे पहिली गोष्ट कोणती करतो, तर अध्यक्षाची खुर्ची शोधतो! लढाई जिंकलेला समाज पुढे निघून गेला आहे, आणि तिच्या विजयासाठी आयुष्यभर झुरलेला माणूस मात्र आपल्या सवयींसह मागेच राहिला आहे. त्या जगाला त्याची गरज नाही. मुलगा नाही, मान नाही, मुंबईत शिरण्यास परवान्याची अडचण. असे जग ज्यांना सांत्वन वाटते, त्यांनी कथा वाचलेली नाही. कथेचे नाव तेवढे ऐकलेले आहे.

आम्ही हे इतक्या आग्रहाने सांगतो त्याचे कारण गुंदसारख्या गावात बसून लिहिणाऱ्यास उघड दिसते. या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या आमच्या घराण्यांनी 'जर-तर' हाच आपला इतिहास करून टाकला आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी उत्तर कन्नड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला नसता तर. महाजन आयोगाने वेगळे लिहिले असते तर. काळी नदीवर धरण बांधले गेले नसते, सुपे गाव पाण्याखाली गेले नसते आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास हलले नसते तर. या प्रश्नांत दुःख खरे आहे, आणि त्याचा उपहास करण्याचा आम्हांस अधिकार नाही, इच्छाही नाही. परंतु मराठी टिकविण्याच्या नावाने आम्ही वर्षानुवर्षे न घडलेल्या गोष्टींचा हिशेब मांडीत बसलो आणि घडत असलेल्या गोष्टीकडे पाठ फिरविली. घडत असलेली गोष्ट अशी, की घरातील मुले शाळेत कन्नड आणि इंग्रजी वाचतात, अंगणात कोंकणी बोलतात, आणि मराठी ही देवघराची व लग्नपत्रिकेची भाषा होऊन बसली आहे.

याचा पुरावा याच कथेने दिला आहे. नारळीकरांनी ही कथा इंग्रजीतही आणली, आणि ती 'द अॅडव्हेंचर' या नावाने राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या अकरावीच्या 'हॉर्नबिल' या इंग्रजी पाठ्यपुस्तकात संक्षिप्त रूपात समाविष्ट झाली. देशभरातील लक्षावधी मुलांनी ती वाचली असेल. त्यांत मराठी घरांतील मुलेही आलीच. चांगलीच गोष्ट झाली. पण 'द अॅडव्हेंचर' या नावात तो श्लेष नाही. पानिपत म्हणजे गाव, पानिपत म्हणजे लढाई, पानिपत म्हणजे फजिती, हे तिन्ही अर्थ एका शब्दात वागविणारी भाषा ज्याच्या कानावर आहे, त्यालाच शीर्षकापासून हसू येते. बाकीच्यांना तो एक धडा, आणि धड्याखाली प्रश्न. आमच्या घरांतील नातवंडे ही कथा इंग्रजीत, कापून आणलेली वाचतात, आणि आजोबा ती न वाचताच तिचा अभिमान बाळगतात. दोघांच्या मध्ये मूळ मराठी कथा कपाटात पडून आहे.

विज्ञानकथेकडे नाक मुरडणाऱ्या आमच्या साहित्यिक मित्रांनाही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. त्यांचे म्हणणे असे की विज्ञानकथा म्हणजे साखरेत घोळलेली शास्त्राची गोळी. तिला वाङ्मयाचे निकष लावू नयेत. हे वरकरणी सौजन्य वाटते, पण ही हकालपट्टी आहे. ज्याला निकष लावायचे नाहीत त्याला पंक्तीत बसवायचे नाही, असाच त्याचा अर्थ. स्वतः नारळीकरांनी मात्र निकष मागून घेतले होते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठविली ती 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने. आपल्या नावाच्या आद्याक्षरांचा क्रम त्यांनी उलटा केला होता. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून प्रतही पत्नीच्या हाताने करविली होती. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल यांच्यासह गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडलेल्या, १९६५ सालीच पद्मभूषण झालेल्या माणसाने नाव झाकून परीक्षा द्यावी, आणि आपण पन्नास वर्षांनंतर त्याची कथा झाकून केवळ नावाला हार घालावेत, यात कोणाचा गौरव आहे?

नारळीकरांच्या शास्त्रीय आयुष्याचाही या कथेशी एक धागा आम्हांस दिसतो. विश्वाचा आरंभ एका महास्फोटाने झाला, हे बहुसंख्य शास्त्रज्ञांनी मान्य केल्यावरही ते हॉईल यांच्यासह स्थिरस्थिती सिद्धांताच्या बाजूने उभे राहिले, आणि १९९३ साली हॉईल व जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी त्याची सुधारित मांडणी केली. भरलेल्या सभागृहात उभे राहून 'दुसरा पर्याय शक्य आहे' असे सांगण्याची सवय असलेला हा माणूस होता. जुळत नसलेला पुरावा दिसला की तो मान्य मतापुढे ठेवावा, हा त्यांचा धर्म. गंगाधरपंतांच्या खिशातील ते फाटके पान आम्हांस म्हणूनच मोलाचे वाटते. त्या पानाने पंतांना राज्य मिळत नाही. जे घडले ते तसेच घडणे अटळ नव्हते, एवढेच कळते. आणि एवढे कळणे पुरेसे आहे. १९५६ साल अटळ नव्हते, सुपे बुडणे अटळ नव्हते. तसेच आमच्या घरांतून मराठी वाचन नाहीसे होणेही अटळ नाही. फरक इतकाच की पहिल्या दोन गोष्टी होऊन गेल्या आहेत, तिसरी अजून आपल्या हातची आहे.

कथेच्या शेवटी गंगाधरपंत काय करतात, हेही विसरू नये. ते पानिपतावरील चर्चासत्राच्या संयोजकांना नकार कळवितात. हजाराव्या सभेचे अध्यक्षपद ते घेत नाहीत. न घडलेल्या विजयाचे दर्शन घेऊन आलेला माणूस व्यासपीठावरून खाली उतरतो, आणि आमच्या समजुतीप्रमाणे हाच त्याचा खरा विजय आहे.

आमची मागणी साधी आहे. मंडळाच्या येत्या बैठकीत 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा मूळ मराठीत, संपूर्ण, मोठ्याने वाचली जावी. वाचन नातवंडांनी करावे; अडखळली तरी चालेल, आजोबांनी शब्द सांगावा. नंतर मुलाच्या कचेरीतील तो प्रसंग लेखकाने कसा लिहावयास हवा होता, यावर प्रत्येकाने पानभर मराठीत लिहून आणावे. जे लेखकाकडून राहिले ते वाचकाने पुरे करून पाहावे. थोर लेखकाला याहून अधिक मान आम्हांस तरी सुचत नाही. आणि त्या बैठकीला अध्यक्ष नसावा, परिचय नसावा, आभारप्रदर्शनही नसावे.